लक्ष श्वासाकडे, ताल समोरच्याशी

दोघं मिळून जड कपाट उचलत असतील तर एकदा नीट बघा. एक जण म्हणतो, ‘एक, दोन, तीन!’ आणि कपाट वर येतं. पण उचलणं ‘तीन’ला सुरू होत नाही. ‘दोन’ आणि ‘तीन’ यांच्या मधल्या फटीत दोघंही श्वास भरून घेतात, खांदे किंचित वर जातात, बोटं कपाटाच्या कडेखाली घट्ट होतात. ‘आता श्वास घे’ असं कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. त्यात एखाद्याचं लक्ष भलतीकडे असलं, तर कपाटाची एक बाजू आधी वर येते आणि दुसरा ओरडतो, ‘अरे थांब, थांब!’

दुसरीकडे, हल्ली मोबाइलपासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत जो तो सांगत असतो, ‘श्वासाकडे लक्ष द्या.’ हा सल्ला बहुतेक वेळा डोळे मिटून एकटं बसलेल्या माणसासाठी असतो. आपण मात्र दिवसातला बराच वेळ कुणाच्या तरी सोबत काहीतरी करत असतो: बोलत, चालत, गात, सामान उचलत. अशा वेळी, म्हणजे समोरच्याशी ताल जुळवत असतानाच, मन स्वतःच्या श्वासाकडे वळवलं तर मेंदूत काय होतं?

यावर दोन अंदाज सहज सुचतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणजे, लक्ष मोजकंच असतं. ते आत वळवलं की समोरचा निसटणार. दुसरा म्हणजे, स्वतःची लय नीट कळली की दुसऱ्याशी ती जुळवणं सोपं जाणार. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला गेला. मिळालेलं उत्तर या दोन्ही अंदाजांत पुरतं बसत नाही, म्हणूनच ते सावकाश समजून घ्यायला हवं.

शरीराची आतली बातमी

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियं शाळेत शिकवतात. ती मुख्यतः बाहेरची खबर आणतात. पण भूक लागली, छातीत धडधडलं, पोटात गोळा आला, दम लागला, ही खबर कोण आणतं? हृदय, फुप्फुसं, आतडी, मूत्राशय, रक्तवाहिन्या यांच्याकडून मेंदूकडे अखंड संदेश जात असतात. शरीराच्या आतल्या स्थितीची ही जाणीव म्हणजे अंतःसंवेदन. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली आतल्या आणि बाहेरच्या संवेदनांची अशी फोड करून दाखवली. पुढे १९३२ चं नोबेल पारितोषिकही त्यांना विभागून मिळालं, ते चेतापेशींवरच्या कामासाठी. तरीही ‘आतली खबर’ हा विषय बराच काळ कोपऱ्यात पडून होता. २००२ साली ए. डी. क्रेग या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने शरीराची खबर मेंदूत कुठल्या वाटेने पोचते याची सविस्तर मांडणी केली आणि विषय पुन्हा ऐरणीवर आला. या वाटेवरचं मोठं ठाणं म्हणजे इन्सुला. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घडीत आत दडलेला हा भाग आहे. तो दडलेला आहे हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

फ्रिजची घरघर दिवसभर चालूच असते. ती थांबली किंवा कुणी तिचा विषय काढला की मगच कानावर येते. आतल्या खबरीचंही तसंच असतं. हे वाक्य वाचायला घेतलं तेव्हा तुमचा श्वास आत चालला होता की बाहेर? मी विचारेपर्यंत तुम्हाला पत्ता नव्हता, आणि आता पुढच्या दोन-तीन ओळी तरी तो तुमच्या डोक्यातून जाणार नाही. खबर आधीही येत होती. तिच्याकडे लक्ष जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा लेख त्या लक्षाबद्दल आहे.

तिसरी एक गोष्ट यात नेहमी मिसळली जाते, ती म्हणजे अचूकता. ‘मला माझं शरीर छान कळतं’ असं म्हणणाऱ्याला ते खरंच कळत असेल असं नाही. १९८१ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर शँड्री यांनी एक सोपी चाचणी आणली: नाडीला हात न लावता, ठरावीक वेळात हृदयाचे किती ठोके पडले ते मोजून सांगा. अनेक वर्षं ही चाचणी प्रमाण मानली गेली. पण लोक हुशार असतात. आपले ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास पडतात हे ज्याला माहीत आहे, तो काहीही न जाणवता बऱ्यापैकी बरोबर आकडा सांगू शकतो. २०१८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी सहभागींना बजावलं, ‘अंदाज लावू नका, जाणवले तेवढेच ठोके मोजा.’ गुण घसरून जवळपास निम्म्यावर आले! त्यामुळे यापुढे ‘शरीराकडे लक्ष’ असं म्हटलं की त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. शरीर अचूक कळलं असा नाही.

अर्थात काही लोकांना ते खरोखर अधिक अचूक कळतं. २००४ साली ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी लोकांना ‘टिक टिक’ ऐकवली आणि ती त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांशी जुळते आहे की मागे पडते आहे, असं विचारलं. ज्यांना हे चांगलं ओळखता आलं त्यांच्या उजव्या इन्सुलाच्या पुढच्या भागात या कामाच्या वेळी हालचाल जास्त दिसली.

ताल जुळतो तेव्हा काय घडत असतं

नाट्यगृहात प्रयोग संपतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि मग कधीकधी सगळं सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागतं. तिथे हातवारे करून ठेका देणारा कुणी नसतो. रुमानिया आणि हंगेरीतल्या सभागृहांत टाळ्या ध्वनिमुद्रित करून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ठेका जुळण्याआधी लोक टाळ्यांचा वेग साधारण निम्मा करतात. भरभर वाजवताना प्रत्येकाचा वेग वेगळा असतो; सावकाश वाजवलं की वेगांतला फरक कमी होतो आणि एकमेकांना सापडणं शक्य होतं. ताल हवा असेल तर उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. मजेची गोष्ट अशी की हा हिशेब सभागृहातला कुणीच जाणूनबुजून करत नाही.

दोनच माणसं असली की हे आणखी जवळून बघता येतं. दोघांना बोटांनी ठेका धरायला लावायचा आणि एकमेकांचा ठेका कानावर पडू द्यायचा. आपल्याला वाटतं की एक जण पुढारी होईल आणि दुसरा मागून येईल. इव्हाना कोन्वालिंका आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की तसं होत नाही. दोघंही अनुयायी होतात. तुमचा मागचा ठोका किंचित उशिरा पडला म्हणून मी माझा पुढचा लांबवतो आणि तेवढ्यात तुम्ही तुमचा आवरता घेता. अरुंद वाटेत समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट देताना दोघंही त्याच बाजूला सरकतात ना, तसं हे दर ठोक्याला चालू असतं. फक्त इथे टक्कर होण्याऐवजी ताल जमतो.

आणि हा ताल केवळ कानाने जमवता येत नाही. आवाज ऐकू आल्यावर बोट हलवायचं ठरवलं तर उशीरच होईल. म्हणून मेंदू पुढचा ठोका कधी पडेल याचा आधीच अंदाज बांधतो आणि हाताला हुकूम सोडतो. अंदाज इतका पुढे धावतो की घड्याळाच्या टिकटिकीवर ठेका धरणारी माणसं बहुधा सेकंदाच्या काही शतांशांनी आधीच बोट टेकवतात, आणि त्यांना वाटतं आपण बरोबर वेळेवर आहोत.

ताल जुळला की त्याचे सामाजिक परिणामही दिसतात. २००९ सालच्या एका प्रयोगात ज्या व्यक्तीशी बोटांचा ठेका जुळला ती लोकांना अधिक आवडली. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी चौदा महिन्यांच्या बाळांना संगीतावर कडेवर झुलवलं. समोरची व्यक्ती बाळाच्याच तालात झुलत असेल, तर पुढे तिच्या हातून वस्तू पडल्यावर बाळं ती उचलून द्यायला अधिक तयार असायची.

शरीराच्या आतली यंत्रणाही या तालात ओढली जाते. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावात दरवर्षी निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निखाऱ्यांवरून चालणारे आणि प्रेक्षकांत बसलेले त्यांचे नातलग यांच्या हृदयगतीचे आलेख एकमेकांशी मिळतेजुळते निघाले. नात्यात नसलेल्या प्रेक्षकांचे तसे निघाले नाहीत. स्वीडनमध्ये २०१३ साली समूहगायकांवर अभ्यास झाला. गाण्याच्या ओळी श्वास कधी घ्यायचा ते ठरवतात, श्वासाबरोबर हृदयगती वरखाली होते, आणि त्यामुळे एकत्र गाणाऱ्यांची हृदयगती एकत्र झुलू लागते. यात गूढ असं काही नाही. हृदयं एकमेकांशी बोलत नाहीत, गाणं त्यांना एका वेळापत्रकावर आणतं.

दोन डोक्यांवर दोन टोप्या

मेंदूशास्त्राची एक मोठी अडचण होती. माणूस हा माणसांत वावरणारा प्राणी, पण त्याचा मेंदू तपासायचा तर त्याला एकट्याला यंत्राच्या बोगद्यात हलू न देता झोपवायचं. सोबत ठेका धरणाऱ्या दोघांचा अभ्यास असा कसा होणार? त्यावरचा तोडगा म्हणजे दोन किंवा अधिक माणसांचे मेंदू एकाच वेळी मोजणं. याला हायपरस्कॅनिंग म्हणतात.

आपल्या विषयात त्यासाठी बहुतेकदा एक टोपी वापरतात. टोपीतले छोटे दिवे त्वचेतून आणि कवटीतून आत प्रकाश सोडतात. हा प्रकाश लाल रंगाच्या पलीकडचा असतो, डोळ्यांना जवळपास न दिसणारा. अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताने झाकला की बोटांच्या कडा लालसर उजळतात, कारण लाल प्रकाश मांसातून बऱ्यापैकी पार जातो. इथे तेच तत्त्व आहे. प्राणवायू वाहून नेणारं रक्त आणि प्राणवायू सोडलेलं रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. परत आलेल्या प्रकाशावरून, टोपीखालच्या मेंदूच्या भागात प्राणवायूयुक्त रक्त वाढलं की घटलं ते कळतं. भाग कामाला लागला की काही सेकंदांत तिकडे रक्ताचा पुरवठा वाढतो.

या टोपीचा मोठा गुण म्हणजे माणसाला बसून बोलता येतं, हात हलवता येतात. दोष दोन आहेत. एक, प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो, म्हणजे घडीत दडलेली इन्सुला तिच्या आवाक्याबाहेर राहते. दोन, ती चेतापेशींचं काम थेट मोजत नाही, रक्त मोजते. या दुसऱ्या दोषाने पुढे बराच घोळ होऊ शकतो.

मिलानमध्ये काय केलं

मिलानच्या कॅथलिक विद्यापीठातल्या लॉरा अँजोलेत्ती आणि मिकेला बाल्कोनी यांनी याच प्रश्नावर प्रयोगांची मालिका केली. २०२२ साली त्यांचे या विषयावरचे लेख प्रसिद्ध झाले. प्रयोगाची रचना समजायला सोपी आहे. दोघांनी एकमेकांच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवायची. एका फेरीत त्यांना स्वतःच्या श्वासाकडे आणि शरीरात काय जाणवतं त्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं, दुसऱ्या फेरीत तसं काही सांगितलं नाही. या दोन फेऱ्यांवर आणखी एक फरक चढवला. कधी हालचाल जुळवणं हे नुसतं काम होतं. कधी त्याला एक सामाजिक हेतू जोडून दिला होता, म्हणजे हा ताल दोघांच्या एकत्र असण्यासाठी महत्त्वाचा आहे अशी भूमिका आधी मांडली होती.

टोप्यांची नजर होती कपाळामागच्या भागावर, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. बेत आखणं, लक्ष वळवणं, स्वतःला आवरणं, समोरच्याच्या मनात काय आहे याचा अदमास घेणं, अशा बऱ्याच कामांत हा भाग असतो.

निकाल असा: श्वासाकडे लक्ष आणि सामाजिक हेतू हे दोन्ही एकत्र आले, तेव्हा कपाळामागच्या भागात प्राणवायूयुक्त रक्त वाढलं. लक्ष आत वळलं म्हणून समोरच्याशी संबंधित काम मंदावल्याची खूण दिसली नाही. उलट, जिथे समोरच्याला महत्त्व होतं तिथेच आत बघण्याचा परिणाम उठून दिसला.

याच गटाच्या दुसऱ्या लेखात नुसत्या हालचालीची तुलना सोबत उच्चार करण्याच्या कामाशी केली होती. श्वासाकडे लक्ष असताना, हालचालीपेक्षा सोबत उच्चारण्याच्या कामात हा भाग जास्त सक्रिय दिसला. मला यात आश्चर्य वाटलं नाही, कारण बोलणं म्हणजे श्वासच खर्च करणं. ज्या श्वासाकडे बघायचंय तोच आवाज काढायला वापरायचा, म्हणजे एकाच गल्ल्यातून दोन खर्च भागवायचे. पण हा माझा अर्थ आहे, टोपी एवढं सांगत नाही.

भाग ‘जास्त सक्रिय’ म्हणजे काम ‘जास्त चांगलं’ का?

अशा संशोधनाच्या बातम्या बहुधा इथेच घसरतात. ‘श्वासाकडे लक्ष दिल्याने मेंदू सक्रिय होतो’ असा मथळा येतो आणि वाचणारा समजतो की काहीतरी फायद्याचं सापडलं. पण स्वयंपाकघरातून खूप आवाज येतोय एवढ्यावरून पाहुण्यांसाठी बेत चाललाय की काहीतरी करपलंय म्हणून धावपळ चाललीय, ते बाहेरच्या खोलीत बसून ओळखता येत नाही.

ही शंका हवेतली नाही, तिला आधार आहे. मर्ले फेअरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी संगणकातल्या काल्पनिक साथीदाराबरोबर ठेका धरला. साथीदार माफक प्रमाणात जुळवून घेणारा असला की ताल छान जमायचा आणि मेंदूच्या मध्यरेषेजवळचे भाग सक्रिय दिसायचे. मन निवांत भटकत असतानाही हेच भाग कामात असतात. साथीदार फाजील जुळवून घेऊ लागला, तुमच्या प्रत्येक ठोक्यामागे धावू लागला, की ताल डळमळायचा, आणि तेव्हा कपाळामागचा बाजूचा भाग कामाला लागायचा. थोडक्यात, कपाळामागची हालचाल वाढणं ही ताल सांभाळायला कष्ट पडत असल्याची खूणही असू शकते.

अमुक भाग उजळला म्हणून मनात तमुक चाललं असणार, अशा उलट्या तर्कावर रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ सालीच बोट ठेवलं होतं. एक भाग अनेक कामं करतो, त्यामुळे भागावरून काम ओळखता येत नाही. म्हणून मिलानच्या निकालाचा माझ्या मते प्रामाणिक अर्थ इतकाच: समोरच्याशी जुळवून घ्यायचा हेतू असेल तर स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणं हे मेंदूसाठी जास्तीचं काम होतं, आणि ते काम समोरच्याला सोडून केलं जात नाही. दोन्ही खात्यांचा मेळ घालावा लागतो आणि मेळ घालायला कारकून लागतो. ताल त्याने सुधारला की नाही हे तालच मोजून ठरवावं लागेल.

श्वास बदलला म्हणून रक्त बदललं, एवढंच तर नसेल?

हा आक्षेप मला सगळ्यांत दमदार वाटतो. श्वासाकडे बघा असं सांगितलं की श्वास बदलतो. बहुतेकांचा मंदावतो किंवा खोल जातो. तुमचा मघाचा श्वास आठवा. श्वास बदलला की रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बदलतं. ते वाढलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घटलं की आकसतात. टोपी मोजते ते रक्त. म्हणजे डोक्यात कसलाही वेगळा विचार न करता, निव्वळ श्वास रोखूनही टोपीचा आकडा हलवता येतो! कपाळाच्या कातडीतलं रक्तही त्यात मिसळतं, ते वेगळंच.

पण आक्षेप दमदार असला तरी तो मिलानच्या निकालाला पुरतं झोपवत नाही. श्वासाकडे लक्ष तर सामाजिक हेतू असतानाही होतं आणि नसतानाही होतं. सगळा खेळ श्वासाचाच असता तर दोन्ही वेळी आकडा सारखाच हलायला हवा होता. फरक हेतूमुळे पडला. तरीही हेतूमुळे श्वास वेगळा झाला असेल अशी फट उरतेच. ती बुजवायची तर छातीला पट्टा बांधून श्वास सोबत मोजायला हवा. किंवा दुसऱ्या गटाला त्याच लयीत श्वास घ्यायला लावून त्यांचं लक्ष मात्र दुसरीकडे ठेवायला हवं. श्वासाऐवजी हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष द्यायला लावणं हाही एक मार्ग आहे, कारण ठोके मनाने तसे सहज बदलता येत नाहीत.

एकट्याच्या प्रयोगांतून याच्या उलट दिसणारं चित्रही पुढे आलं आहे. नॉर्मन फार्ब यांच्या गटाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी एकदा स्वतःच्या श्वासावर आणि एकदा पडद्यावर लहानमोठ्या होणाऱ्या वर्तुळावर लक्ष ठेवलं. श्वासाच्या वेळी मेंदूच्या बाहेरच्या थरातले पुष्कळ भाग शांत झाले. एकटं असताना आत बघितलं की शांतता आणि कुणासोबत हेतूने काम करताना आत बघितलं की कपाळामागे वर्दळ, असं हे चित्र आहे. दोन्हीकडची यंत्रं वेगळी, कामं वेगळी, म्हणून थेट बेरीज-वजाबाकी करू नये. तरी ‘शरीराकडे लक्ष दिल्याने मेंदूत अमुक होतं’ असं सरसकट वाक्य टिकणार नाही, एवढं यातून नक्की कळतं. कुणासोबत आणि कशासाठी, हे विचारावंच लागतं.

‘दोन मेंदू एका लयीत’ ही बातमी कितपत खरी?

या विषयावर वाचताना हे वाक्य हमखास भेटतं. २००९ साली बर्लिनमध्ये गिटारवादकांच्या आठ जोड्यांच्या डोक्याला विद्युतलहरी टिपणारी यंत्रं लावली. एकत्र वाजवताना त्यांच्या मेंदूलहरींत जुळणी दिसली. २०१२ साली शू त्सुई आणि सहकाऱ्यांनी दोघांना एकाच क्षणी बटण दाबायला लावलं. तिथेही सहकार्य करताना दोघांच्या कपाळामागच्या उजव्या भागातल्या चढउतारांची जुळणी वाढली. एकमेकांवर मात करायची असताना वाढली नाही.

हे निकाल खरे आहेत. घोळ त्यांच्या अर्थात होतो. एकच सामना बघत असलेल्या पण वेगवेगळ्या घरांत बसलेल्या दोघा प्रेक्षकांच्या तोंडून ‘अरे!’ एकाच क्षणी निघतं. त्यांच्यात तार जोडलेली नसते, दोघांनाही तोच चेंडू दिसलेला असतो. गिटारवादकांना एकच आवाज ऐकू येतो, दोघांचे हात सारखे हलतात, मग लहरींत सारखेपणा येणारच. हा इशारा एड्रियन बर्जेस यांनी २०१३ साली दिला होता. बटण दाबण्याच्या प्रयोगात स्पर्धेची तुलना ठेवली होती म्हणून तो निकाल जरा भक्कम, एवढंच.

मेंदूंची जुळणी तालाचं कारण आहे की त्याची सावली, हे पाहायचं तर जुळणी बाहेरून घडवून बघावी लागते. जाकोमो नोवेंब्रे आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली नेमकं तेच केलं. ठेका धरणाऱ्या दोघांच्या डोक्यावरून, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागाला सेकंदाला २० आवर्तनांचा सौम्य विद्युतप्रवाह दिला. दोघांचे प्रवाह एकाच टप्प्यात चढउतरत असतील तर त्यांचा ठेका अधिक जुळला. म्हणजे निदान एका ठिकाणी, एका लयीसाठी, जुळणीला सावलीपेक्षा जास्त किंमत आहे.

मग बोलताना श्वासाकडे बघायचं का?

घरी एक छोटा प्रयोग करता येतो. दोघं टेबलाशी समोरासमोर बसा आणि बोटांनी सोबत ठेका धरा, सेकंदाला साधारण दोन ठोके. अर्धा मिनिट नुसतं. मग पुढचं अर्धा मिनिट, ठेका न सोडता, श्वास नाकाशी कुठे थंड लागतो तिकडे लक्ष ठेवा. बहुतेकांचा ठेका सुरुवातीला एक-दोनदा अडखळतो. मी करून पाहिलं तेव्हा माझी बोटं नकळत श्वासाच्या मागे जाऊ लागली आणि समोरच्याने ‘तू हळू का झालास?’ असं विचारलं. काही वेळाने ते सावरलं. हा पुरावा नव्हे, पण ‘मेळ घालणं हे जास्तीचं काम आहे’ म्हणजे काय ते बोटांना कळतं.

आणखी एक इशारा द्यायलाच हवा. चारचौघांत बोलायची धास्ती असलेल्यांना ‘शरीराकडे लक्ष दे’ हा सल्ला उलटा पडू शकतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली सामाजिक धास्तीची जी मांडणी केली तिचा गाभाच हा आहे. धास्तावलेला माणूस समोरच्याकडे बघायचं सोडून स्वतःच्या धडधडीकडे, घामाकडे, कापऱ्या आवाजाकडे बघत बसतो आणि त्यावरूनच ठरवतो की आपण लोकांना कसे दिसत असू. धडधड जाणवली की ‘सगळ्यांना कळलं’ असं वाटतं, त्याने धडधड वाढते. या मांडणीवर आधारलेल्या उपचारपद्धतीत लक्ष मुद्दाम बाहेर, समोरच्या माणसाकडे वळवायला शिकवतात.

मिलानचे सहभागी शरीराची उलटतपासणी करत नव्हते, हा फरक इथे महत्त्वाचा. त्यांना श्वास नुसता बघायचा होता, सोबत एक काम होतं आणि कामाचा रोख समोरच्या माणसाकडे होता. धास्तावलेला माणूस श्वास बघत नाही, त्याच्याकडून आपल्याविरुद्ध साक्ष काढत असतो. दोघांनाही आपण ‘शरीराकडे लक्ष’ हे एकच नाव देतो, त्यामुळे एकाला लागू पडलेला सल्ला दुसऱ्याच्या गळ्यात मारला जातो.

वादक आणि गायक याबाबतीत आपल्यापेक्षा बरेच पुढे असतात. एकत्र सुरुवात करायच्या आधी ते एकमेकांकडे बघून एक श्वास घेतात, तोही जरा ऐकू जाईल असा. त्या एका श्वासात वेग असतो, जोर असतो आणि ‘आता’ असतं. तो घेणाऱ्याला आतून जाणवतो आणि सोबतच्याला बाहेरून दिसतो.